कामठीच्या दगडातलं पान आणि डॉ. कासिम यांची अंटार्क्टिका मोहीम

मे महिन्यात 45 अंशांत भाजून निघणाऱ्या नागपूरकराला अंटार्क्टिकाशी काय घेणंदेणं? मुलं नकाशा रंगवताना तळाचा तो पांढरा पट्टा तसाच सोडून देतात. कागद पांढराच आहे म्हणतात! पण त्या खंडाची एक खूण आपल्या कामठीच्या दगडात आहे.

हिस्लॉप कॉलेज ज्यांच्या नावाचं, ते स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप 1845 मध्ये नागपूरला आले. त्यांना दगड जमवण्याचा नाद होता. कामठी-सिलेवाडा भागातल्या वालुकाश्मात त्यांना जिभेच्या आकाराच्या पानांचे ठसे सापडले. ही ग्लोसोप्टेरिस नावाच्या झाडाची पानं. सुमारे 25 कोटी वर्षांपूर्वी ते झाड पृथ्वीवरून नाहीसं झालं. विदर्भातला कोळसा बराचसा याच काळातल्या जंगलांपासून बनला.

आता दुसऱ्या टोकाला जाऊ. 1773 मध्ये कॅप्टन कुक अंटार्क्टिक वृत्त ओलांडून गेला, पण जमीन त्याला दिसली नाही. ती 1820 च्या जानेवारीत रशियन आणि ब्रिटिश दर्यावर्दींना काही दिवसांच्या अंतराने दिसली. 14 डिसेंबर 1911 ला नॉर्वेचा अमुंडसेन दक्षिण ध्रुवावर पोहोचला. इंग्रज कॅप्टन स्कॉट महिनाभराने, 17 जानेवारी 1912 ला पोहोचला. परतीच्या वाटेवर त्याच्यासह पाचही जण मरण पावले. नोव्हेंबरमध्ये शोधपथकाला तंबू सापडला, तेव्हा त्यांच्या सामानात सुमारे 16 किलो दगड होते. उपासमारीतही त्यांनी ते टाकले नव्हते. त्या दगडांत ग्लोसोप्टेरिसचीच पानं निघाली.

या झाडाचं बी हजारो मैल समुद्रावरून वाऱ्याने उडून जाण्यासारखं नव्हतं. म्हणजे दोन्हीकडची जमीनच कधीकाळी एक होती. त्या जोडलेल्या भूखंडाला जगभर ‘गोंडवाना’ म्हणतात. नाव आपल्याच गोंड मुलखाचं. ज्यांनी नागपूर वसवलं ते बख्त बुलंद शाहही गोंड राजेच.

भारत तिथे गेला तो फार उशिरा. 6 डिसेंबर 1981 ला गोव्याहून ‘पोलर सर्कल’ हे भाड्याने घेतलेलं नॉर्वेचं जहाज निघालं. फारशी वाच्यता नव्हती. 21 जणांच्या या पहिल्या मोहिमेचे नेते होते डॉ. सय्यद झहूर कासिम. अलाहाबादचे, अलीगढ मुस्लिम विद्यापीठात शिकलेले आणि गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे संचालक राहिलेले. पुढे ते जामिया मिल्लियाचे कुलगुरूही झाले. 9 जानेवारी 1982 ला मोहीम बर्फावर उतरली. त्या दिवसांत तिथे सूर्य मावळतच नाही. मग मगरिब कधी, हा प्रश्न आपल्या घरात पहिला निघेल! अशा ठिकाणी दिवस-रात्र नेहमीसारखे होतात त्या सर्वांत जवळच्या जागेच्या किंवा मक्केच्या वेळा धराव्यात, असं अनेक उलेमा सांगतात.

एवढा खर्च कशासाठी, असं कुणी विचारेल. कारण हक्काचं होतं. 1959 मध्ये 12 देशांनी अंटार्क्टिका करार केला. या खंडाबद्दलच्या निर्णयात मत फक्त तिथे भरीव संशोधन करणाऱ्या देशांनाच. भारत त्यात नव्हता. कासिम यांच्या मोहिमेनंतर ऑगस्ट 1983 मध्ये भारत करारात सामील झाला आणि पुढच्याच महिन्यात त्याला मताचा अधिकारही मिळाला. त्याआधी ते टेबल बहुतेक बड्या, श्रीमंत देशांचंच होतं.

मग 1983-84 मध्ये ‘दक्षिण गंगोत्री’ हे पहिलं केंद्र उभं राहिलं. पण ते बर्फाच्या थरावर होतं, त्यामुळे काही वर्षांतच बर्फात गाडलं गेलं. 1989 चं ‘मैत्री’ त्यामुळे खडकावर बांधलं. 2012 मध्ये ‘भारती’ सुरू झालं, तेही खडकावरच. भारतीच्या भागातले खडक आपल्या पूर्व घाटातल्या खडकांशी जुळतात, कारण तो किनारा एकेकाळी भारताच्या पूर्व किनाऱ्याला चिकटलेला होता.