बातम्यांचे नवे केंद्र

कांद्याच्या हंगामात आमच्या लासलगावात सकाळ उजाडते ती ट्रॅक्टरच्या आवाजाने. बाजार समितीच्या आवारात ट्रॉल्यांच्या रांगा लागतात. व्यापारी एकेका ट्रॉलीपाशी थांबतात, चार कांदे हातात घेऊन पाहतात आणि बोली सुरू होते. ही बाजार समिती 1947 साली स्थापन झाली. येथे ठरणाऱ्या भावाकडे दूरदूरच्या व्यापाऱ्यांचे लक्ष असते.

8 डिसेंबर 2023 पासून केंद्र सरकारने कांद्याच्या निर्यातीवर बंदी घातली. निर्यात म्हणजे माल परदेशी पाठवणे. नाशिक जिल्ह्यात ठिकठिकाणी लिलाव थांबले. दूरच्या शहरातील श्रोत्यांना ही बातमी दोन वाक्यांत पुरेशी होती. पण ज्याची ट्रॉली भरून दारात उभी होती, त्याचे प्रश्न निराळे होते. उद्या लिलाव होणार की नाही? रस्ता मोकळा आहे का? माल न्यावा की थांबावे? लाल कांदा तर फार दिवस टिकत नाही.

त्या दिवसांची गोष्ट वर्गात निघाली, तेव्हा एका मुलाने विचारले, "सर, गाणी वाजवणारी रेडिओ केंद्रे आहेत. मग दिवसभर फक्त बातम्या देणारे केंद्र आपल्या गावात का नाही?"

मुलांनो, प्रश्न चांगला होता. मी त्याला लगेच उत्तर दिले नाही, कारण उत्तर थोडे लांब आहे. बातमीला आपण घरी खबर म्हणतो. मराठीतही खबर हा शब्द चालतो. खबरबात असा जोडशब्दही आहे. खबर सांगायला माणसाला फक्त तोंड लागते. केंद्र काढायचे तर पुष्कळ काही लागते. त्यातच आधीपासून एखादे केंद्र चालू असेल, तर लोक त्याच्या आवाजाला सरावलेले असतात. घड्याळही त्याच्या बातम्यांवर लावतात. असे श्रोते नव्या केंद्राकडे का वळावेत?

आपल्याच राज्यात, मुंबईत, असा एक सामना झाला होता. तो व्यापारासाठी नव्हता. त्यात हरणाऱ्याला तुरुंगात जावे लागणार होते.

मुंबईत रेडिओ केंद्र सुरू झाले 23 जुलै 1927 रोजी. ते प्रथम एका खाजगी कंपनीचे होते. पुढे सरकारने हा कारभार आपल्याकडे घेतला आणि 1936 साली त्याला 'ऑल इंडिया रेडिओ' असे नाव मिळाले. 1942 साली हे केंद्र चांगले रुळलेले होते. त्याच्याकडे इमारत होती, पगारी निवेदक होते, मोठा प्रक्षेपक होता. प्रक्षेपक म्हणजे आवाजाचे विद्युतलहरींत रूपांतर करून त्या दूरवर पाठवणारे यंत्र. एकच उणीव होती. हे केंद्र इंग्रज सरकारचे होते, आणि सरकारला नको असलेली बातमी त्यावर येत नसे.

8 ऑगस्ट 1942 रोजी मुंबईच्या गवालिया टँक मैदानावर 'छोडो भारत' ठराव झाला. दुसऱ्या दिवशी पहाटे महात्मा गांधी, मौलाना आझाद, पंडित नेहरू आणि इतर पुढाऱ्यांना पकडण्यात आले. वर्तमानपत्रांवर कडक बंधने आली. देशभर काय चालले आहे, हे कोणालाच नीट कळेना. साताऱ्याच्या माणसाला बिहारची खबर नाही, मुंबईच्या माणसाला वर्ध्याची नाही, अशी स्थिती झाली. अशा वेळी अफवा फार लवकर पसरतात.

तेव्हा मुंबईतील काही तरुणांनी ठरवले की आपणच रेडिओ केंद्र काढायचे. त्यांत उषा मेहता होत्या. त्यांचे वय होते अवघे बावीस वर्षांचे. त्या विल्सन कॉलेजात शिकलेल्या होत्या. त्यांच्याबरोबर बाबूभाई खाकर, विठ्ठलदास झवेरी आणि चंद्रकांत झवेरी होते. डॉ. राममनोहर लोहिया यांचे त्यांना मार्गदर्शन मिळाले. केंद्राचे नाव ठेवले 'काँग्रेस रेडिओ'.

नाव ठेवणे सोपे होते. यंत्र कोठून आणायचे? 1939 साली महायुद्ध सुरू होताच हौशी रेडिओचालकांचे परवाने सरकारने रद्द केले होते आणि यंत्रे जमा करायला लावली होती. बाजारात प्रक्षेपक मिळणे शक्यच नव्हते. शेवटी सुटे भाग जमवून एका जाणकाराकडून तो जोडून घेतला. 'शिकागो रेडिओ' नावाची ध्वनिक्षेपकांची कंपनी तेव्हा काँग्रेसच्या सभांना कर्णे पुरवीत असे. तिचे मालक नानक मोटवाणी यांचीही या तरुणांना मदत झाली.

27 ऑगस्ट 1942 रोजी या केंद्राचा आवाज प्रथम ऐकू आला. 42.34 मीटर लांबीच्या लहरीवर हे केंद्र लागत असे. रेडिओच्या लहरी पाण्यावरच्या तरंगांसारख्या असतात. दोन तरंगांच्या माथ्यांमधील अंतर म्हणजे लहरीची लांबी. ती ठाऊक असली की श्रोता रेडिओची खुंटी फिरवून नेमके केंद्र पकडू शकतो. निवेदक ही लांबी सांगत आणि आपण भारतातून कोठून तरी बोलत आहोत, असे म्हणत. पत्ता सांगणे अर्थातच शक्य नव्हते!

कार्यक्रमाची सुरुवात होई अल्लामा इक्बाल यांच्या 'तराना-ए-हिंदी'ने, आणि शेवट 'वंदे मातरम्'ने. निवेदन हिंदुस्थानीत आणि इंग्रजीत असे. स्वतः उषाताई, डॉ. लोहिया, अच्युतराव पटवर्धन, मोईनुद्दीन हॅरिस, कुमी दस्तूर अशी मंडळी बोलत. हिंदुस्थानी म्हणजे हिंदी आणि उर्दू या दोहोंना समजणारी बोली. ज्यांना खबर पोचवायची त्यांच्याच भाषेत बोलायचे, हे या तरुणांना कोणी शिकवावे लागले नाही.

आता मुख्य प्रश्नाकडे येऊ. लोकांनी हे नवे केंद्र का ऐकावे? त्याचा आवाज सरकारी केंद्राएवढा स्पष्ट नव्हता. सरकार त्यात खरखर मिसळून ते ऐकू येऊ नये असाही प्रयत्न करी. कार्यक्रम सुरुवातीला दिवसातून दोनदा असे, पुढे संध्याकाळी एकदाच होऊ लागला. गाणी नाहीत, नाटके नाहीत. तरीही लोक कान लावून बसत, कारण दुसरीकडे न मिळणारी बातमी येथे मिळत होती.

चितगाववर बाँब पडल्याची बातमी या केंद्राने दिली. जमशेदपूरच्या कामगारांच्या संपाची दिली. उत्तर प्रदेशातील बलियात लोकांनी काय केले, ते सांगितले. विदर्भातील आष्टी आणि चिमूर या गावांत ऑगस्टमध्ये लोकांनी उठाव केला होता आणि नंतर तेथे फार जुलूम झाले होते. त्याची हकीकत या केंद्रावरून सविस्तर सांगण्यात आली. या बातम्या कार्यकर्ते प्रवास करून मुंबईला आणीत. म्हणजे केंद्राचे खरे भांडवल यंत्र नव्हते, तर ही बातमी आणणारी माणसे होती. माझ्या मते हा या गोष्टीतला सर्वांत महत्त्वाचा भाग आहे, आणि गोष्ट सांगताना नेमका तोच बहुधा राहून जातो.

सरकारी केंद्राला या तरुणांनी एक टोपणनावही दिले होते. ऑल इंडिया रेडिओला ते 'अँटी इंडिया रेडिओ' म्हणत, म्हणजे भारतविरोधी रेडिओ. अर्थात काँग्रेस रेडिओ स्वतःही तटस्थ नव्हता. तो लढ्यातला रेडिओ होता. एका बाजूची बातमी दाबली जात असताना दुसरी बाजू सांगणे, हे त्याने आपले काम मानले होते.

पोलीस शोधात होतेच. लहर कोणत्या दिशेने येते ते ओळखणारी यंत्रे गाडीत ठेवून ते शहरात फिरत. म्हणून ही मंडळी एका जागी फार दिवस राहत नसत. चौपाटी, लॅबर्नम रोड, वाळकेश्वर, गिरगाव, महालक्ष्मी अशा भागांत भाड्याच्या जागा घेऊन ती यंत्र हलवीत. भाषणे एका ठिकाणी तबकडीवर मुद्रित होत आणि दुसऱ्या ठिकाणाहून प्रक्षेपित होत. गंमत अशी की या केंद्राचे सर्वांत नियमित श्रोते पोलीसच होते. ते रोजचे निवेदन ऐकून लिहून ठेवीत. त्यांच्या त्या नोंदींमुळेच केंद्रावरून काय काय बोलले गेले, ते आज वाचायला मिळते.

12 नोव्हेंबर 1942 रोजी खेळ संपला. प्रक्षेपक जोडून देणारा जाणकार पोलिसांच्या हाती लागला होता आणि त्याने ठिकाण दाखवले. बाबूभाईंच्या कचेरीवर छापा पडल्याचे उषाताईंना कळले होते. त्या पळून जाऊ शकल्या असत्या. पण त्या दिवसाचा कार्यक्रम चुकवायचा नाही, असे त्यांनी ठरवले. शेवटचे गीत चालू असतानाच पोलीस दार फोडून आत आले. उषाताई आणि चंद्रकांत झवेरी तेथेच पकडले गेले. पुढे खटला चालला. बाबूभाईंना पाच वर्षांची, उषाताईंना चार वर्षांची आणि चंद्रकांत यांना एक वर्षाची शिक्षा झाली. विठ्ठलदास झवेरी आणि नानक मोटवाणी सुटले. उषाताई 1946 साली येरवड्याच्या तुरुंगातून बाहेर आल्या. पुढे त्यांनी मुंबईत अनेक वर्षे राज्यशास्त्र शिकवले. 1998 साली त्यांना पद्मविभूषण मिळाले. 2000 साली त्यांचे निधन झाले.

हे केंद्र तीन महिनेही चालले नाही. कायद्याने परवानगी असती आणि पैसा असता, तर असा सामना कसा झाला असता? त्यासाठी थोडे परदेशात जाऊ.

अमेरिकेतील न्यूयॉर्क शहरात 1965 साली डब्ल्यूआयएनएस या केंद्राने गाणी बंद करून चोवीस तास केवळ बातम्या देण्यास सुरुवात केली. दिवसभर सांगायला एवढ्या बातम्या कोठून येणार? तर त्या फिरून फिरून सांगत. साधारण वीस-बावीस मिनिटांत सर्व ठळक बातम्या होत आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात होई. नवी बातमी आली की जुनी गळे. आपल्या विहिरीवरचा रहाट आठवा: मडकी तीच, पाणी दर खेपेला ताजे. श्रोत्याने कधीही रेडिओ लावला तरी थोड्या वेळात त्याला सारे कळे.

दोन वर्षांनी, ऑगस्ट 1967 मध्ये, त्याच शहरात डब्ल्यूसीबीएस हे दुसरे केंद्र याच कामासाठी पुढे आले. सुरुवात अपशकुनी झाली. आदल्याच दिवशी एक लहान विमान त्याच्या मनोऱ्यावर आदळले आणि मनोरा कोसळला. तरी केंद्राने आपल्या एफएम वाहिनीवरून ठरल्या दिवशी काम सुरू केले. त्याने पहिल्या केंद्राची नक्कल केली नाही. त्याची बोलण्याची रीत जरा निवांत होती. पुढे दर दहा मिनिटांनी रहदारी आणि हवामान सांगण्याबद्दल ते प्रसिद्ध झाले. एकाच शहरात ही दोन्ही केंद्रे पन्नास वर्षांहून अधिक काळ चालली. 2024 च्या ऑगस्टमध्ये दुसऱ्या केंद्राने बातम्यांचे काम थांबवले, पहिले टिकले.

आता लासलगावला परत येऊ. आपल्या देशात 1995 साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की आकाशातील लहरी ही जनतेची मालमत्ता आहे. 2001 साली बंगळूरमध्ये पहिले खाजगी एफएम केंद्र सुरू झाले. पुढे नाशिकसारख्या शहरांतही अशी केंद्रे आली. परंतु त्यांना स्वतःच्या बातम्या देण्याची मुभा ठेवली नव्हती. पुढे आकाशवाणीचे बातमीपत्र जसेच्या तसे ऐकवण्यास परवानगी मिळाली. खाजगी केंद्रांना तासाला दहा मिनिटे बातम्या देऊ द्याव्यात, अशी शिफारस 2023 साली दूरसंचार नियामक प्राधिकरणाने सरकारला केली. तासाला दहा मिनिटे म्हणजे अजून न्यूयॉर्क फार दूर आहे. शिवाय खर्चाचाही प्रश्न आहेच. गाण्याची तबकडी एकदा घेतली की वर्षभर वाजते. बातमी संध्याकाळी शिळी होते आणि ती आणणाऱ्या माणसाला मात्र रोज पगार द्यावा लागतो.

त्या मुलाला मी हे सर्व सांगितले. तो म्हणाला, "सर, केंद्र नको, बातमीपत्र तर करू?" मग वर्गाने एक दिवसाचे बातमीपत्र केले. दोन मुले लिलाव पाहून आली आणि त्यांनी भाव लिहून आणला. वाचून दाखवताच मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. "हा भाव आमच्या अब्बांना मिळाला नाही," ती म्हणाली. चौकशी केली, तेव्हा कळले की मुलांनी त्या दिवसाचा फक्त सर्वांत जास्त भाव आणला होता. बाजार समितीच्या फलकावर तीन भाव असतात: किमान, कमाल आणि सरासरी. चांगल्या दहा-वीस ट्रॉल्यांना कमाल भाव मिळतो. बहुतेकांची विक्री सरासरीच्या आसपास होते. आमची बातमी खोटी नव्हती, पण तिच्यावर विसंबून कोणी घरून ट्रॉली भरली असती, तर तो फसला असता.

दुसऱ्या दिवशी मुले तिन्ही भाव लिहून घेऊन आली. त्या मुलीने ते वाचले. वाचायला एक मिनिटही लागले नाही. आणायला मात्र दोघांची सबंध मधली सुटी गेली होती.