कॅल्क्युलेटर अडला तरी हिशोब चुकू नये

ईदच्या आधीचे दिवस होते. दुकानात गर्दी. चादरींचे मोठे बिल निम्मे झाले आणि कॅल्क्युलेटर अडला. आकडा पुसला जाईना, एकही बटण चालेना. दुकानातल्या पोराने तो दोनदा टेबलावर आपटला. गिऱ्हाईक विजापूरचे, गाडीच्या घाईत. शेवटी मी कागदावर बेरीज केली. उर्दू शाळेत पाठ केलेले सव्वा-दीडचे पहाडे कामी आले. खरे नुकसान मात्र यंत्र सुरू झाल्यावर झाले.

व्यापारी बंधूंनी प्रथम पाहावे की यंत्र खरोखर अडले आहे काय. पडद्यावर 'ई' दिसत असेल, तर बहुधा उत्तर पडद्यात मावलेले नाही, एवढेच. 'एसी' दाबावे. १२५० मिळवताना १२.५० दिसत असतील, तर वरची सरकपट्टी 'ए'वर गेली आहे. ती 'एफ'वर आणावी.

काहीच चालत नसेल तर पडद्यावरचा आकडा आधी कागदावर उतरवून घ्यावा. मग यंत्र उलटे करावे. पुष्कळ यंत्रांना मागे 'रीसेट' लिहिलेले बारीक छिद्र असते. त्यात कागदाच्या पिनेचे सरळ केलेले टोक हलकेच दाबावे. पेन्सिल वापरू नये, शिस तुटून आत अडकते.

छिद्र नसेल तर मागचे झाकण काढून सेल बाहेर काढावा. सूर्यप्रकाशाची पट्टी असल्यास ती बोटाने झाकावी, नाहीतर वीज मिळतच राहते. 'ऑन' बटण काही सेकंद दाबून धरावे, पाच-दहा मिनिटे थांबावे आणि सेल खुणेप्रमाणे परत बसवावा. सेलवर पांढरी भुकटी दिसली तर नवाच घालावा.

आता माझी चूक सांगतो. रीसेट केल्यावर मेमरी आणि एकूण बेरीज पुसली जाते, तसाच भरून ठेवलेला कराचा दरही जातो. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी आल्यापासून आपण कराच्या बटणावर विसंबतो. मी ते दाबत राहिलो, आकडा तोच राहिला आणि घाईत ध्यानात आले नाही. तीन बिले कराशिवाय गेली. गिऱ्हाइकाकडे मागायचे कोणत्या तोंडाने? सरकारला कर तर भरावाच लागतो. ती रक्कम माझ्या गल्ल्यातून गेली.

म्हणून रीसेटनंतर माहितीपत्रकाप्रमाणे दर पुन्हा भरावा. दर ५ टक्के असेल तर १०० वर कराचे बटण दाबल्यावर १०५ आलेच पाहिजेत. दुसरी परीक्षा: १२३४५६७९ गुणिले ९. बारा आकडी यंत्रावर नऊ वेळा १ उमटतो.

अक्कलकोट रोडच्या कारखान्यांत सुताची धूळ सतत उडते आणि बटणांखाली बसते. काम संपल्यावर यंत्र कोरड्या फडक्याने पुसून डब्यात ठेवावे. आणि मुलांकडून पहाडे पाठ करून घ्यावेत. त्यांना सेल लागत नाही.