परसातील गोल्डफिशच्या हौदाचे पाणी

हौसेसाठी किंवा जोडधंदा म्हणून परसातील सिमेंटच्या हौदात गोल्डफिश चांगले पाळता येतात. परंतु पुष्कळदा पाणी नितळ दिसत असूनही महिनाभरात मासे दगावतात. रोग आला असे समजून औषधे आणली जातात. प्रत्यक्षात दोष बहुधा पाण्याचा असतो.

नितळ पाणीही विषारी का होते?

माशांच्या कल्ल्यांतून व विष्ठेतून अमोनिया पाण्यात येतो. न खाल्लेले खाद्य व पालापाचोळा कुजूनही तो तयार होतो. हौदाच्या भिंतीवर, खडीवर व वनस्पतींच्या मुळांवर वाढणारे उपयुक्त जिवाणू अमोनियाचे प्रथम नायट्राइटमध्ये व नंतर नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. अमोनिया व नायट्राइट माशांना मारक आहेत. नायट्रेट त्यामानाने सौम्य आहे. नव्या हौदात हे जिवाणू पुरेसे वाढण्यास 4 ते 6 आठवडे लागतात. म्हणून सुरुवातीस थोडेच मासे सोडावेत व खाद्य बेताने द्यावे.

हौद व माशांची संख्या

नव्या सिमेंटमधून चुना सुटतो व पाण्याचा सामू वाढतो. त्यामुळे हौद 2 ते 3 आठवडे पाण्याने भरून ठेवावा व ते पाणी अधूनमधून बदलावे. सामू 7 ते 8 च्या दरम्यान आल्यावरच मासे सोडावेत. 3 मीटर लांब, 2 मीटर रुंद व 75 सेंटिमीटर खोल पाणी असलेल्या हौदात 4,500 लिटर पाणी मावते. पूर्ण वाढीच्या एका माशास 75 लिटर पाणी धरल्यास यात 60 मासे ठेवावेत. अधिक मोह टाळावा.

खाद्य व पाणीबदल

दिवसातून दोन वेळा, 5 मिनिटांत संपेल एवढेच खाद्य द्यावे. उरलेले जाळीने काढावे. दर आठवड्यास तळाचा गाळ रबरी नळीने ओढून चौथा हिस्सा पाणी बदलावे. संपूर्ण हौद रिकामा करून घासू नये; त्यामुळे उपयुक्त जिवाणू नष्ट होतात व अमोनिया पुन्हा साठू लागतो. काढलेले पाणी भाजीपाला किंवा नारळास द्यावे. त्यातील नत्र पिकाच्या उपयोगी पडते.

नळाच्या पाण्यात क्लोरीन असल्यास ते उघड्या पिंपात 24 तास उन्हात ठेवून मगच वापरावे. बोअरच्या पाण्यात प्राणवायू कमी असू शकतो. ते उंचावरून धार पाडून भरावे.

पहाटेचा धोका

पाणी गडद हिरवे झाल्यास त्यातील शेवाळ रात्री प्राणवायू वापरते. मासे पहाटे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करू लागतात. असे दिसताच खाद्य बंद करावे, ताजे पाणी धारेने सोडावे व शक्य असल्यास हवेचा पंप लावावा. हौदाचा निम्मा भाग सावलीत ठेवल्यास शेवाळ कमी वाढते. मात्र हौद पाने गळणाऱ्या झाडाखाली बांधू नये.

विशेष काळजी

पावसाळ्यात अंगणातील पाणी हौदात शिरू नये म्हणून काठ जमिनीपासून किमान 30 सेंटिमीटर उंच ठेवावा. फवारणी पंप हौदाजवळ धुऊ नये. सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातील कीटकनाशकांचा अत्यल्प अंशही माशांना घातक ठरतो. नको असलेले मासे नदी-नाल्यात सोडू नयेत. ते स्थानिक माशांशी स्पर्धा करतात.

रोज सकाळी हौदाजवळ दोन मिनिटे उभे राहून मासे कसे पोहतात ते पाहावे. पाणी बिघडल्याची पहिली खूण तेथेच दिसते. त्याच वेळी चौथा हिस्सा पाणी बदलले, तर औषधावरील खर्च बहुधा वाचतो.