कंबर, गादी आणि मालिश

1934 साली बॉस्टनच्या मिक्सटर आणि बार या दोन डॉक्टरांनी दाखवून दिलं, की पायात उतरणाऱ्या कळेमागे अनेकदा दोन मणक्यांमधली फाटलेली चकती असते आणि ती शस्त्रक्रियेनं काढता येते. शोध खरा होता. त्याचा परिणाम मात्र असा झाला, की पुढची कित्येक दशकं कुणाचीही कंबर दुखली तरी आळ त्या चकतीवरच. आपल्याकडे तर ‘गादी सरकलीय’, ‘मणक्यात गॅप पडलाय’ हे निदान शेजारीपाजारीही करून मोकळे होतात. मग फळीवर पडून राहायचं, पट्टा बांधायचा, वजनं लावून ताण घ्यायचा, आणि तरी राहिलं नाही तर ऑपरेशन.

या साऱ्यात मालिश मागे पडली. खरं तर फिजिओथेरपीचं मूळच तिच्यात आहे. 1894 मध्ये लंडनमध्ये मालिशच्या नावाखाली भलतेच धंदे चालल्याचा गवगवा झाला, तेव्हा चार परिचारिकांनी प्रशिक्षित मालिश करणाऱ्यांची संस्था काढली. तीच आजची ब्रिटनमधली फिजिओथेरपिस्टांची चार्टर्ड सोसायटी. पुढे यंत्रं आली, शेक विजेवर गेला, आणि हातानं रगडणं तालमीतल्या वस्तादाकडे, बाळंतिणीला न्हाऊ घालणाऱ्या बाईकडे आणि चौपाटीवरच्या तेलाच्या बाटल्यांकडे उरलं.

चकतीचा दरारा ओसरला तो 1980 नंतर. 1986 च्या अमेरिकी चाचणीत दोन दिवस पडून राहिलेले आणि सात दिवस पडून राहिलेले, दोघेही सारखेच बरे झाले. सात दिवसवाल्यांचं कामावर जाणं तेवढं जास्त बुडालं. 1994 मध्ये कंबर अजिबात न दुखणाऱ्या 98 जणांचे एमआरआय काढले, तर निम्म्याहून अधिक जणांच्या चकत्या फुगलेल्या! फिल्ममध्ये दिसतं तेच दुखतं, हा विश्वास तिथे ढासळायला हवा होता. आपल्याकडे एमआरआयचा लिफाफा काखेत घेऊन हिंडणारी माणसं पाहिली, की तो अजून पुरता ढासळलेला नाही असं वाटतं.

मालिशीला तिची जागा परत मिळवून देणाऱ्या चाचण्यांपैकी 2011 ची सिएटलमधली मला सर्वांत बोलकी वाटते. जुनी कंबरदुखी असलेले 401 जण. काहींना स्नायूंचा नेमका वेध घेणारी मालिश, काहींना नुसती अंग सैल करणारी, आठवड्याला एकदा, दहा आठवडे. उरलेल्यांना नेहमीचेच उपचार. शेवटी मालिश घेतलेल्यांपैकी एक तृतीयांशाहून जास्त जणांनी दुखणं गेलं किंवा बरंच कमी झालं असं सांगितलं. नेहमीच्या उपचारांत असं म्हणणारे पंचविसांत एक. आणि गंमत म्हणजे दोन्ही मालिशींत फरक जवळपास नव्हताच. ‘आमचीच खास पद्धत’ म्हणून चढे दर लावणाऱ्यांनी हे मनावर घ्यायला हरकत नाही. फायदा सहा महिने टिकला, वर्षभरात मात्र बराच विरला. शिवाय आपल्याला मालिश मिळते आहे हे रुग्णांना ठाऊकच असणार. त्या कौतुकाचा वाटा वेगळा काढता येत नाही.

वैद्यकीय चाचण्यांचा एकत्रित ताळा घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या 2015 च्या आढाव्यानं 25 चाचण्या तपासून हात आखडताच घेतला: आराम पडतो, पण थोड्या काळापुरता, आणि पुरावा कच्चा. उपचारांच्या मार्गदर्शक सूचना ठरवणाऱ्या ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेनं 2016 मध्ये मालिशीला मान्यता दिली ती व्यायामाची जोड असेल तरच. मला हीच अट सर्वांत शहाणपणाची वाटते. दुखणं दबलेलं असतं त्या चार-आठ दिवसांतच माणूस न घाबरता वाकतो, चालतो. ते दिवस पलंगावर घालवले तर मालिशीचे पैसे तेलातच गेले.

2023 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनंही जुनाट कंबरदुखीसाठी मालिश यादीत घेतली आणि पट्टा व ट्रॅक्शन, म्हणजे तो वजनांचा ताण, बाहेर काढले. मात्र पायातली ताकद जाऊ लागली, लघवीवरचा ताबा सुटला किंवा बैठकीची जागा बधिर झाली, तर मालिशवाल्याकडे नव्हे, त्याच दिवशी इस्पितळात जायचं. तिथे मिक्सटर-बार यांचीच वाट बरोबर. बाकीच्यांची अडचण वेगळीच आहे: आपल्याकडचे बहुतेक आरोग्य विमे मणक्याच्या ऑपरेशनचे लाखभर रुपये देतात, दहा आठवड्यांच्या मालिशीचे नाही.