हजारातली सहा

२०११ मध्ये फुकुशिमाच्या अणुभट्ट्यांमधून सिझियमबरोबर थोडी किरणोत्सारी चांदीही बाहेर पडली. सिझियम-१३७चा गॅमा किरण ६६१.७ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचा, तर चांदी-११०एमचा सर्वांत ठळक किरण ६५७.८चा. सिझियमचे अर्धायुष्य ३० वर्षांचे, चांदीचे सुमारे २५० दिवसांचे. त्यामुळे नमुन्यात नेमके काय आहे, हे कळणे महत्त्वाचे.

अतिथंड जर्मेनियमचा शोधक ही दोन शिखरे वेगळी दाखवतो. खोलीच्या तापमानाला चालणाऱ्या कॅडमियम-झिंक-टेल्युराइडच्या साध्या शोधकात मात्र ती एकमेकांत मिसळतात. असे का व्हावे?

मी आधी दोष मोजणीतल्या नैसर्गिक चढउताराला दिला होता. हिशेब केला तेव्हा तो टिकला नाही. सिझियमचा एक किरण या स्फटिकात सुमारे १ लाख ४० हजार इलेक्ट्रॉन मोकळे करतो आणि तितक्याच रिकाम्या जागा, म्हणजे ‘होल’, निर्माण करतो. एवढ्या संख्येतल्या चढउताराने शिखर जेमतेम दीड किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट रुंद होईल. दोन शिखरांतले अंतर तर ३.९ आहे.

खरे कारण स्फटिकातल्या सापळ्यांत आहे. विद्युतभार टोकाकडे सरकत असतानाच संकेत तयार होतो. वाटेत अशुद्धी किंवा रचनादोषाने भार अडकला, की संकेत तेवढा उणा पडतो. होल संथ असल्याने अधिक अडकतात. म्हणून किरण किती खोलवर थांबला, यावर तूट ठरते. चढउतार दोन्ही बाजूंना होतो, तूट मात्र एकाच बाजूला. म्हणून शिखराला कमी ऊर्जेकडे शेपूट फुटते. संकेतात हजारामागे सहाची तूट आली, की सिझियम बरोबर चांदीच्या जागी दिसते.

यावर उपाय आहेत. पॉल ल्यूक यांनी १९९४ मध्ये जाळीदार इलेक्ट्रोडांची अशी जोडी सुचवली, की संकेत जवळजवळ फक्त इलेक्ट्रॉनांचाच उरतो. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या पुढाकाराने घडलेल्या आणि २०१५ मध्ये ‘अ‍ॅस्ट्रोसॅट’वरून अवकाशात गेलेल्या उपकरणात याच पदार्थाचे ५ मिलिमीटर जाड स्फटिक आहेत. त्यांवरचे चौकोन सुमारे अडीच मिलिमीटरचे. चौकोन जाडीपेक्षा लहान असला, की होलांचा वाटा घटतो. किरणाची खोली कळली, तर उरलेली तूटही हिशेबाने बरीच भरून काढता येते. स्फटिकात सापळे जागोजागी कमीजास्त असतील, तर मात्र हा हिशेबही अपुरा पडतो.

म्हणून ६५७.८ला फुगवटा दिसला, तरी मी लगेच चांदी म्हणत नाही. तिचा दुसरा किरण ८८४.७ला असतो; आधी तो शोधतो.