चोडणची पाखरे आणि ओहोटीची वेळ

पक्षी पाहावयास जावयाचे म्हणजे डोंगर चढावा लागतो, अशी आपल्याकडील पुष्कळ वडीलधाऱ्या मंडळींची समजूत असते, आणि गुडघ्यांचे निमित्त सांगून ती घरीच बसतात. अशांसाठी गोव्यात एक सोयीची वाट आहे. पणजीजवळच्या रायबंदरहून फेरीबोटीने मांडवी ओलांडली की चोडण बेट लागते. धक्क्यापासून थोड्याच अंतरावर डॉ. सालिम अली पक्षी अभयारण्य आहे. ते १९८८ साली घोषित झाले. क्षेत्रफळ अवघे १.७८ चौरस किलोमीटर. तिवरांच्या दाट राईतून सपाट वाट जाते. चढ कोठेच नाही.

वेळ मात्र साधावी लागते. समुद्राचे पाणी मांडवीतून आत शिरते आणि दिवसातून दोनदा सारा चिखल झाकून टाकते. ते ओसरल्याखेरीज पाखरांना खावयास मिळत नाही. भरती रोज सुमारे पन्नास मिनिटे पुढे सरकते. कोकणातील जुनी माणसे तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ सांगतात: चतुर्थीस तीन वाजता, अष्टमीस सहा वाजता. हा ठोकताळा मुंबईच्या बाजूचा. गोव्यात भरती त्याहून काहीशी अगोदर येते. भरतीनंतर सुमारे सहा तासांनी ओहोटी. म्हणून पौर्णिमा किंवा अमावास्येनंतरचे दोन-चार दिवस सकाळी चोडणला जाण्यास उत्तम. घरात पंचांग असले म्हणजे झाले!

मजबरोबर माझा मामेभाऊ होता. तो लोधीखेड्याचा, संत्र्यांचा बागाईतदार. सौंसर-पांढुर्ण्याकडच्या माणसाने नदी पाहिली ती पावसात फुगणारी आणि उन्हाळ्यात आटणारी. वाहावयाची मात्र एकाच दिशेने. फेरीबोटीच्या कठड्याला टेकून त्याने बराच वेळ समुद्राच्या बाजूला पाहिले होते. परतताना मांडवी बघून तो उद्गारला, "दादा, हे पाणी तं उलटं जाऊन राह्यलं!" इतक्या वर्षांत कोणा विद्यार्थ्याच्या तोंडून इतक्या प्रामाणिक आश्चर्याचा स्वर मी ऐकलेला नाही.

आत शिरताच तिवरांची श्वसनमुळे दिसतात. चिखलातून हजारो पेन्सिली उभ्या कराव्या तशी ती वर आलेली असतात, कारण खालच्या चिखलात हवा नाही. त्यांच्यामधून निवट्या उड्या मारतात. मासाच तो, पण ओहोटीला पाण्याबाहेर राहतो. एक नांगी अंगाहून मोठी असलेले खेकडे ती नांगी हलवीत बसतात. ह्यांच्यावर पाखरांचा डोळा. आखूड चोचीची पाखरे वरवरचे टिपतात, लांब चोचीची खोलवरचे किडे ओढून काढतात. त्यामुळे एकाच चिखलावर अनेक जातींचे भागते. तुतवार शेपटी हलवीत काठाने धावत होता. ब्राह्मणी घार वर तरंगत होती. हिवाळ्यात येथे उत्तरेकडची बदकेही उतरतात.

शार्ङ्गदेवाने तेराव्या शतकात, यादवांच्या देवगिरीत बसून, संगीतरत्नाकरात सात स्वर सात प्राण्यांना वाटून दिले आहेत. मध्यम क्रौंच पक्ष्याचा. वडिलांनी लहानपणी मला ते पाठ करविले. चोडणला कान देऊन पाहिले, तर कोणतेही पाखरू एका श्रुतीवर ठरत नाही. मींड घेते, निसटते. शार्ङ्गदेवाशी वाद घालण्याची माझी पात्रता नाही, पण कान देण्याचे वळण त्या पाठांतरानेच लावले.

आणि कान दिल्यामुळेच पुढचा प्रकार खटकला. वळणापलीकडून खंड्याची साद आली, पण अगदी एकसारखी, श्वास न घेता. एक तरुण मोबाइलवर ध्वनिमुद्रण वाजवीत, छायाचित्रासाठी खंड्याला बोलावीत होता. हा प्रकार आता सर्रास चालतो. पाखरास ती साद म्हणजे आपल्या हद्दीत शिरलेला प्रतिस्पर्धी वाटतो. ते खाणे सोडून भांडावयास येते. ओहोटीचे मोजके तास, आणि त्यातले काही अशा फसव्या भांडणात जावयाचे. कोणी म्हणेल, पाच मिनिटांनी काय होते? पण हिवाळ्यातल्या एका रविवारी असे पाच मिनिटेवाले कितीतरी येत असतील.

माझ्या भावाने त्याला विचारले, "तुमच्या दारात कोणी तुमच्याच आवाजात वरडला, तं तुम्ही जेवत बसान काय?" मुलगा भला होता. ओशाळला, मोबाइल खिशात घातला.

खंड्या मात्र त्याच फांदीवर मान वळवीत, साद घालीत पुढली दहा-बारा मिनिटे बसला. खाली खेकडे मोकळेपणी हिंडत होते. त्याने तिकडे पाहिले नाही. आम्ही मागे फिरलो तेव्हा श्वसनमुळांच्या बुडाशी पाणी चढू लागले होते.