शिक्षकाने कोणाला विचारावे?

डोंगराळ भागातील द्विशिक्षकी शाळेत पहिली-दुसरी एका खोलीत आणि तिसरी-चौथी दुसऱ्या खोलीत भरते. शिक्षणहक्काचा 2009चा कायदा प्राथमिक शाळेला साठपर्यंतच्या पटासाठी दोन शिक्षक देतो. त्यातला एक बैठकीला गेला की दुसऱ्यावर चारही इयत्ता येतात. अशा वेळी एखाद्या मुलाला हातच्याची वजाबाकी काही केल्या उमगत नसेल, तर त्या शिक्षकाने कोणाला विचारावे? वकिलाला बाररूम असते, गवयाला मैफल असते. शिक्षक दिवसभर माणसांत असतो, पण आपल्या कामात एकटा असतो. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ डॅन लॉर्टी यांनी 1975 साली ‘स्कूलटीचर’ या ग्रंथात या एकटेपणाची चिकित्सा केली. प्रत्येक शिक्षक आपापल्या कप्प्यात शिकवतो, त्यामुळे एकाचा अनुभव दुसऱ्याच्या कामी येत नाही, हे त्यांनी दाखवले.

हा कप्पा फोडण्याचे प्रयत्न मराठीत जुने आहेत. एकोणिसाव्या शतकात शिक्षकांसाठी ‘शालापत्रक’ निघत असे. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी आणि पुढे विष्णुशास्त्र्यांनी त्याचे संपादन केले. ताराबाई मोडकांनी बालशिक्षणाचा विचार ‘शिक्षणपत्रिके’तून गावोगावच्या शिक्षकांपर्यंत नेला. आज तेच काम मोबाइलवरचे गट करतात. पाठाचा व्हिडिओ, स्वतः बनवलेली साधने, एखाद्या शंकेवर रात्री दहा वाजता आलेले उत्तर हे सारे त्यांतून मिळते.

या दूरच्या ओळखींचे मोल मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी 1973 मध्ये मांडले. जवळच्या माणसांना साधारण आपल्याला ठाऊक असते तेवढेच ठाऊक असते, नवी माहिती येते ती तुटपुंज्या ओळखीच्या माणसांकडून. गडचिरोलीतील शिक्षकाला सिंधुदुर्गातील अनोळखी सहकाऱ्याची युक्ती उपयोगी पडते, ती याच कारणाने.

पण युक्ती पोहोचली म्हणजे तिच्यामागचा विचार पोहोचला, असे नव्हे. सातारा जिल्ह्यातील कुमठे बीटचा अनुभव या दृष्टीने बोलका आहे. तेथील जिल्हा परिषद शाळांनी ज्ञानरचनावादी पद्धत वर्गात आणली. मुले जमिनीवर बसून, गटागटाने, वस्तू हाताळत शिकू लागली. राज्यभरातील शिक्षक तेथे पाहायला गेले, आणि 22 जून 2015 च्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ या शासन निर्णयानंतर ही लाट सर्वत्र पसरली. अनेक शाळांच्या फरशा रंगीत तक्त्यांनी भरल्या. मात्र ज्यांनी फक्त छायाचित्रे पाहिली, त्यांच्याकडे पुष्कळदा फक्त तक्तेच आले. मूल चुकल्यावर तेथील शिक्षक काय विचारतो, किती वेळ गप्प राहतो, हे छायाचित्रात उमटत नाही. त्यासाठी वर्गात मागे जाऊन बसावे लागते.

जपानमधील शिक्षकांनी यासाठी एक रीतच घालून घेतली आहे. चार-पाच जण मिळून एक पाठ आखतात, एक जण तो शिकवतो, बाकीचे मुलांचे निरीक्षण करतात आणि नंतर सगळे चर्चेला बसतात. पाठ सर्वांचा असल्याने चर्चा पाठावर होते, शिकवणाऱ्यावर होत नाही. त्यामुळे चूक कबूल करण्याची लाज वाटत नाही.

आपल्याकडे याला सोयीची जागा तयार आहे, ती म्हणजे केंद्रस्तरीय शिक्षण परिषद. आसपासच्या शाळांतील शिक्षक तिथे एकत्र येतात. परंतु परिषदेचा वेळ परिपत्रकांच्या वाचनात आणि माहितीच्या तक्त्यांत गेला, तर वजाबाकीचा प्रश्न पिशवीतच घरी परततो. मोबाइलच्या गटांचेही तसेच होते. ज्या गटात ‘आजच्या आज माहिती भरावी’ असा आदेश येतो आणि ज्यात वरिष्ठही असतात, त्या गटात ‘मला हे शिकवता येत नाही’ असे कोण लिहील? तिथे यशाचे फोटो येतात, अडचणी येत नाहीत. आणि शिक्षक शिकतो तो अडचणीतूनच.

म्हणून दोन्ही जाळी हवीत, पण त्यांची कामे वेगळी आहेत हे ओळखले पाहिजे. दूरचे जाळे नवी कल्पना आणते. जवळचे जाळे ती तपासते, वाकवते, आपल्या मुलांच्या मापाची करते. 2020च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शिक्षकाला वर्षाकाठी किमान पन्नास तासांचे व्यावसायिक शिक्षण अपेक्षिले आहे, आणि लहान शाळांचे एकटेपण घालवण्यासाठी शाळासंकुलाची कल्पना मांडली आहे. त्या पन्नासांतले काही तास शेजारच्या शाळेतील वर्गात बसण्यासाठी राखले, तर त्याला ना मोठा खर्च लागेल ना नवे यंत्र.

शिक्षकाचा फायदा अखेर मुलाच्या पाटीवर दिसतो. शिक्षकाला विचारायला कोणी नसेल, तर त्या मुलाची वजाबाकी पुढच्या इयत्तेतही तशीच अडून राहते. मग मूलही हळूहळू विचारायचे थांबते.